तुमच्या ‘पॉइंट’मध्ये आमचे पुणे कुठे आहे?

2024च्या फेब्रुवारीत आम्ही अवसरी बुद्रुकमधले अकरा जण एका दिवसाच्या ‘पुणे दर्शन’ सहलीला गेलो. परत आल्यावर तालुक्यातल्या एका जुन्या कार्यकर्त्याने आम्हाला चांगलेच फैलावर घेतले. “चळवळ सोडून सहली कधीपासून सुरू केल्या? नौकाविहार करायला निघालात, उद्या क्रूझवर जाल. संविधान धोक्यात आहे आणि तुम्ही बोटीत बसून फोटो काढताय!”

त्यांचा राग आम्ही समजू शकतो. पण त्यांचे म्हणणे आम्हाला मान्य नाही. का मान्य नाही, हे सांगण्यासाठी हा लेख. सोबत त्या दिवशी काय घडले, आमचे काय चुकले आणि पुढे आम्ही काय केले, तेही सांगतो. ज्या मित्रांना आपापल्या गावात असे काही करायचे आहे, त्यांना उपयोग होईल.

अकरा जणांत कोण होते? विहारात दर रविवारी वाचनाला जमणारी सहा पोरं, शेजारच्या अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या दोघी, निवृत्त झालेले एक गुरुजी, अंगणवाडीत काम करणाऱ्या एक ताई आणि पंचाहत्तरी गाठलेल्या एक आजी. आजी आमच्यापैकी एकाची आजी, पण वस्तीत सगळेच त्यांना आजी म्हणतात. त्यांनी पुणे पाहिले होते ते ससून हॉस्पिटलपुरते. आणि आयुष्यात त्या कधी नावेत बसल्या नव्हत्या. जाहिरातीत लिहिले होते : ‘लहान गट, वातानुकूलित गाडी, अनुभवी गाईड, पुणे शहरातील सर्व प्रमुख पॉइंट आणि तुळापूर त्रिवेणी संगमावर नौकाविहार’. माणशी 1800 रुपये. आम्ही चार महिने वर्गणी साठवली. आजींचे पैसे सगळ्यांनी मिळून भरले.

पहाटे मंचरहून एसटी धरली. राजगुरुनगर, चाकण करत वाकडेवाडीला उतरलो. तिथे कंपनीची टेम्पो ट्रॅव्हलर उभी होती. गाडीत आमच्याशिवाय एक कुटुंब होते, नवरा-बायको आणि त्यांचा शाळकरी मुलगा. गाईड पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण, बोलायला गोड.

रस्त्याच्या पलीकडे

पहिला पॉइंट शनिवारवाडा. गाईडने 1730चा पाया सांगितला, 1828ची आग सांगितली. मग आवाज खाली आणून नारायणरावाचा 1773चा खून आणि अमावास्येला ऐकू येणारी ‘काका मला वाचवा’ची आरोळी सांगितली. पोरांना मजा आली. आम्हालाही आली, खोटे कशाला बोला! पण गुरुजींनी हळूच विचारले, “बाळा, या वाड्याचं राज्य होतं तेव्हा या शहरातल्या महारा-मांगांचं काय होत होतं, ते सांगत नाहीस?”

गाईड गोंधळला. गुरुजींनी मग आम्हालाच सांगितले. 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये एका मुलीचा निबंध छापून आला. मुलगी मांग समाजातली, फुल्यांच्या शाळेत शिकणारी, नाव मुक्ता साळवे. पेशवाईत तालीमखान्यासमोरून महार-मांग गेला तर त्याचे मुंडके कापून गुलटेकडीच्या मैदानावर त्याच्याशी चेंडूदांडू खेळत, असे तिने त्यात लिहून ठेवले आहे. शनिवारवाड्यात एका राजपुत्राची आरोळी दोनशे-अडीचशे वर्षे ऐकू येते म्हणतात. गुलटेकडीवरची आरोळी मात्र कुठल्याच गाईडला ऐकू येत नाही. ती ऐकू यायला मुक्ता वाचावी लागते.

पुढचा पॉइंट दगडूशेठ गणपती. गाडी लांब लावून चालत गेलो. कुटुंब दर्शनाच्या रांगेत लागले. गाईड म्हणाला, “तुम्ही पण या ना, अर्धा तास आहे.” आमच्यातला एक पोरगा म्हणाला, “आम्हाला समोर जायचंय.” समोर म्हणजे कुठे? समोर म्हणजे भिडे वाडा. मंदिराच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली ती जागा. नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जागा रिकामी करायला सांगितली, डिसेंबरमध्ये मोडकळीला आलेला वाडा पाडला गेला, तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचे आहे. आम्ही गेलो तेव्हा पाहायला काहीच नव्हते, नुसती मोकळी जागा.

गाईड म्हणाला, “तिथं काही नाहीये, दादा. आपल्या लिस्टमध्ये तो पॉइंट नाही.”

मित्रांनो, ‘पॉइंट नाही’ हा शब्द त्या दिवशी आम्ही चार वेळा ऐकला. रस्ता ओलांडायला मिनिटभर लागते. त्या एका मिनिटाच्या अंतरावर या देशातल्या मुलींच्या शिक्षणाचा उंबरठा आहे आणि लाखो पर्यटक त्याच्याकडे पाठ करून उभे राहतात. हे कुणी मुद्दाम कट करून केले, असे आमचे म्हणणे नाही. कट असता तर तो उघडा पाडता आला असता. कुणीतरी एकदा यादी केली, बाकीच्यांनी ती उतरवून घेतली, आणि यादी करणाऱ्याच्या घरात सावित्रीबाईंचा फोटो नव्हता, एवढे पुरेसे होते.

आम्ही गेलोच पलीकडे. आजी रस्त्याच्या कडेला हात जोडून उभ्या राहिल्या. गुरुजी पाच मिनिटे बोलले. वळून पाहिले तर गाईड मागे उभा राहून ऐकत होता. म्हणाला, “सर, मी तीन वर्षं इथं रोज येतो. मला हे एवढं माहीतच नव्हतं. आम्हाला जे पाठ करायला देतात ते आम्ही बोलतो.” त्याला रोजंदारी किती मिळते विचारले. त्याने सांगितलेला आकडा ऐकून आमचा त्याच्यावरचा राग गेला. राग यादीवर काढायचा असतो, ती वाचून दाखवणाऱ्या मजुरावर काढायचा नसतो.

केळकर संग्रहालय सगळ्यांनाच आवडले. दिवे, अडकित्ते, दारे, वाद्ये. अंगणवाडीच्या ताई एका पितळी दिव्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या, “एवढं बारीक काम कुणी केलं असंल?” तांबटाने केले, ओतारी कारागिराने केले. भारतातल्या जवळपास सगळ्याच कलेचे हे असे आहे. वस्तू कुणी वापरली ते कळते, घडवली कुणी ते कळत नाही. जातीच्या उतरंडीत हाताने काम करणारा जितका खाली, तितके त्याचे नाव पुसट.

आगाखान पॅलेस आणि एक गोंधळ

जेवण करून आगाखान पॅलेसला पोचलो. गाईडने गांधीजींच्या 1942 ते 1944च्या स्थानबद्धतेची माहिती दिली, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाईंच्या समाध्या दाखवल्या, इथे गांधीजींनी 21 दिवसांचे उपोषण केले होते असेही सांगितले. आमच्यातला एक पोरगा लगेच उसळला, “म्हणजे पुणे करार इथंच झाला! याच उपोषणानं आपले स्वतंत्र मतदारसंघ घालवले!”

आता हे चूक आहे. आणि ही चूक गाईडची नाही, आपली आहे. आगाखान पॅलेसमधले उपोषण फेब्रुवारी 1943चे. पुणे कराराच्या वेळचे उपोषण 20 सप्टेंबर 1932ला सुरू झाले ते येरवडा तुरुंगात. करारावर सह्या झाल्या 24 सप्टेंबरला. तुरुंग त्या पॅलेसपासून फार लांब नाही, पण जागा वेगळी, साल वेगळे, कारण वेगळे. जातीय निवाड्यात प्रांतिक कायदेमंडळांत अस्पृश्यांना 71 जागा होत्या आणि त्या स्वतंत्र मतदारसंघातून निवडायच्या होत्या. करारात जागा 148 झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. निवडून येणारा आपला, पण निवडणारे बहुसंख्य दुसरे, ही आजची राखीव जागांची अडचण तिथून सुरू होते. गुरुजींनी हे सगळे त्या बागेतल्या झाडाखाली समजावून सांगितले.

आमची पोरे 14 एप्रिलला डीजेपुढे नाचतात, 6 डिसेंबरला चैत्यभूमीला जातात, 1 जानेवारीला भीमा कोरेगावला जातात. गर्दीत जातात, गर्दीत येतात. ठिकाण बघितले जाते, पण वाचले जात नाही. दुसऱ्यांच्या यादीत आपला इतिहास नाही म्हणून ओरडताना आपल्या डोक्यातली यादी तरी नीट आहे का, हे आधी बघितले पाहिजे. त्या पोराला वाईट वाटले. पण त्याच रात्री त्याने पुणे कराराचा मसुदा शोधून वाचला, हेही सांगतो.

नावेत

दुपारी साडेतीनला नगर रस्त्याने निघालो. लोणीकंदच्या पुढे तुळापूरला वळायचे होते. आम्ही गाईडला विचारले, “अजून थोडं पुढं गेलं की पेरणे फाट्याचा विजयस्तंभ आहे. पंधरा मिनिटं थांबू.” त्याने ड्रायव्हरकडे पाहिले, ड्रायव्हरने ऑफिसला फोन लावला. उत्तर आले, ‘तो पॉइंट नाही. आणि तिथं वाद असतात, नको.’

एक पोरगा गाडीतून उतरायला निघाला. “आपले पैसे घेतात आणि आपल्या शहिदांचं नाव काढलं की वाद म्हणतात. चला, खाली उतरा सगळे.” दोघे-तिघे उठले. गाडीत एकदम शांतता. त्या कुटुंबातला शाळकरी मुलगा घाबरून आईला चिकटला. तेव्हा आजी म्हणाल्या, “बसा खाली. मला नावंत बसायचंय. खांब कुठं जात न्हाई, उद्या आपल्या गाडीनं येऊ.”

आम्ही बसलो. हा निर्णय बरोबर होता का, यावर आमच्यात आजही दोन मते आहेत. काही म्हणतात, त्या दिवशी उतरायला हवे होते, स्वाभिमान विकून सहल केली. काही म्हणतात, एका आजीची इच्छा हासुद्धा स्वाभिमानाचाच भाग आहे. आमच्यातल्या बहुतेकांचे मत दुसरे आहे, पण पहिल्या मताच्या पोरांना आम्ही चूक म्हणत नाही.

तुळापूरला भीमा, भामा आणि इंद्रायणी एकत्र येतात. छत्रपती संभाजी महाराजांची इथे 11 मार्च 1689ला क्रूर हत्या झाली. महाराजांच्या देहाचे अंत्यसंस्कार वढू बुद्रुकच्या गोविंद गोपाळ महार यांनी केले, असे आपली परंपरा सांगते. वढूला त्यांची समाधी आहे. तीही अर्थात ‘पॉइंट’ नव्हती.

लाइफ जॅकेट घालून नावेत बसलो. आजींना जॅकेटचे बंद लावताना दोन्ही मुली हसत होत्या. नाव निघाली तशा आजींनी आधी डोळे मिटले, मग उघडले. त्या कुटुंबातल्या बाईंनी गोड आवाजात विचारले, “तुम्ही अवसरीचे का? आडनाव काय म्हणालात?”

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. नदीच्या मध्यावर, सगळ्यांच्या अंगात सारखेच भगवे जॅकेट, नाव बुडाली तर सगळे सारखेच बुडणार, तरी आडनाव हवेच. ताईंनी शांतपणे आडनाव सांगितले. बाई “हो का, हो का” म्हणाल्या आणि समोर बघू लागल्या. एवढेच झाले. अपमान झाला असे म्हणावे तर काही शब्द नाहीत, नाही म्हणावे तर मन मानत नाही. शहरातली जात अशी असते.

थोड्या वेळाने आजींनी वाकून पाण्यात हात घालायचा प्रयत्न केला. अभियांत्रिकीच्या पोरीने पटकन हात धरला. “आजी, नको! घाण पाणी आहे. इंद्रायणीचं आहे, वरून पिंपरी-चिंचवडचं सगळं मैलापाणी येतं. त्वचेला खाज सुटेल.”

आजी हसल्या. मग त्यांनी सांगितले ते सगळ्या नावेने ऐकले. त्या लहान असताना विहिरीवर पाण्याला जायच्या. विहिरीला हात लावायचा नाही. कडेला हंडा ठेवून बसायचे. कुणी दयाळू आले तर वरून ओतणार, नाही आले तर ऊन उतरेपर्यंत बसायचे. कायद्याने 1955 साली अस्पृश्यता पाळणे गुन्हा झाला, पण कायदा विहिरीपर्यंत चालत यायला वेळ लागला. आजी म्हणाल्या, “तवा आमी हात लावला तर पाणी बाटायचं. आता अख्ख्या शहरानं बाटवलंय, तर कुनी गोमूत्र शिंपडत न्हाई.”

नाव चालवणारा माणूस इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, “खरं हाय आजी. माझ्या बापाच्या वेळंला ह्येच पाणी प्यायचे. आता मासं पण वास मारतंय.”

विटाळ कशाला म्हणायचे?

चवदार तळ्याचे पाणी जनावरे पीत होती, परधर्मीय पीत होते. फक्त आपल्या स्पर्शाने ते विटाळत होते. 20 मार्च 1927ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली आणि नंतर सवर्णांनी गोमूत्र-शेणाने तळे ‘शुद्ध’ केले. विटाळ म्हणजे घाण नव्हे, विटाळ म्हणजे सत्ता, हे त्या दिवशी महाडने सिद्ध केले. आज पुणे-पिंपरीतल्या लाखो घरांचा मैला मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीत येतो. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो, नदी जलपर्णीने भरते. ही खरी घाण आहे, मोजता येणारी घाण आहे. पण तिला कुणी विटाळ म्हणत नाही, कारण ती करणाऱ्यांची जात वरची-खालची सगळी मिसळलेली आहे आणि मोठा वाटा पैसेवाल्यांचा आहे.

आणि हा मैला तुंबला की गटारात कोण उतरते? 2013 साली हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा नवा कायदा झाला. मार्च 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या कुटुंबाला 10 लाख द्यायला सांगितले. ऑक्टोबर 2023 मध्ये न्यायालयाने ती रक्कम 30 लाख केली. रक्कम वाढवावी लागली याचा अर्थ माणसे मरायची थांबली नाहीत. मेलेल्यांची आडनावे मात्र कुणी गोड आवाजात विचारत नाही. ती आधीच माहीत असतात.

पुण्यात मुळा-मुठेच्या काठावर 44 किलोमीटरचा सुशोभीकरण प्रकल्प सुरू आहे. मार्च 2022 मध्ये त्याचे भूमिपूजन झाले. उद्या शहराच्या मधोमध नौकाविहारही होईल. होऊ द्या. पण याच नदीकाठी ताडीवाला रोडसारख्या आपल्या वस्त्या आहेत. धरणातून पाणी सोडले की ते आधी या घरांत शिरते. 12 जुलै 1961ला पानशेत फुटले तेव्हाही नदीकाठच्या पेठा आणि वस्त्याच आधी बुडाल्या. नदी सुंदर होणार असेल तर तिथे राहणाऱ्याला त्याच काठावर पक्के घर मिळणार, की त्याला शहराबाहेर नेऊन टाकणार? पाणी स्वच्छ होणार, की नुसता काठ? पर्यटनाचा प्रश्न हा असा जमिनीचा, पाण्याचा आणि घराचा प्रश्न असतो. म्हणून तो चळवळीचा प्रश्न आहे.

बाबासाहेबही सहलीला गेले होते

आता आमच्यावर रागावलेल्या त्या जुन्या कार्यकर्त्यांकडे येतो. सहल ही चैन आहे, चळवळीचे काम नाही, असे ते म्हणतात.

1934 साली बाबासाहेबांच्या सहकाऱ्यांनीच त्यांच्याकडे हट्ट धरला, आपण सगळे मिळून स्थलदर्शनाला जाऊ. वेरूळची लेणी पाहायची ठरली. तीसेक माणसे, बसची सोय. वाटेत दौलताबादचा किल्ला. धुळीने तोंडे माखली होती म्हणून किल्ल्याच्या दाराबाहेरच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले. एक म्हातारा ओरडत धावत आला, धेडांनी हौद बाटवला! शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती एका अटीवर. आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. त्यावर लक्ष ठेवायला एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला. कोलंबिया आणि लंडनमधून पदव्या घेऊन आलेला, गोलमेज परिषदांत बसलेला माणूस स्वतःच्या देशात किल्ला पाहतो तो असा. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हा प्रसंग लिहिला आहे. हिंदूंना जो अस्पृश्य, तो मुसलमानांनाही अस्पृश्यच कसा, हे दाखवायला त्यांना सहलीचाच दाखला वापरावासा वाटला. प्रवासात जात उघडी पडते, कारण प्रवासात आपली वस्ती आपल्या मागे उभी नसते.

त्याआधी डिसेंबर 1927. महाडच्या दुसऱ्या परिषदेला जायचे होते. धरमतर मार्गावरचे बसवाले साथ देणार नाहीत असे दिसताच बाबासाहेब 24 डिसेंबरला दोनशेहून अधिक माणसांना घेऊन ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले. सावित्री नदीच्या काठावरच्या दासगाव बंदरात उतरले आणि तिथून सगळे पायी महाडला गेले. 25 डिसेंबरला मनुस्मृती जळाली. आपल्या चळवळीतला सर्वात मोठा ‘नौकाविहार’ हा असा आहे. रस्ता अडवला तर पाण्याने जाऊ, ही त्या बोटीची शिकवण. तेव्हा बोटीत बसलो म्हणून कुणी आम्हाला हिणवू नये.

हिंडणे, बघणे, पैसे देऊन खुर्चीत बसणे, ‘हे कुणी बांधले’ असे विचारणे हा नागरिकाचा हक्क आहे. ज्यांना शतकानुशतके गावाच्या वेशीबाहेर ठेवले, त्यांनी शहर बघायला जाणे ही साधी गोष्ट नाही. चैन करायचा हक्कही बाबासाहेबांनीच दिलाय, हे आम्ही लाजत सांगणार नाही.

आमची यादी

रागावून बसण्यापेक्षा आम्ही आमची यादी केली. त्याच वर्षी मार्चमध्ये वस्तीतल्या एका दादाची गाडी ठरवली, डिझेल आणि चहा-नाश्ता धरून माणशी 450 रुपये पडले. डबे घरचे. पहिल्या फेरीत आम्ही हावरटपणा केला आणि एका दिवसात नऊ ठिकाणे ठरवली. पाचच झाली. सेनापती बापट रस्त्यावरच्या सिम्बायोसिसच्या आंबेडकर संग्रहालयात पोचलो तेव्हा वेळ संपलेली होती, दारातून परत फिरलो. माईसाहेबांनी दिलेल्या, बाबासाहेबांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू तिथे आहेत. पोरे हिरमुसली. चूक आमची.

मग दोन फेऱ्या केल्या. पहिली शहरातली. सकाळी गंज पेठेतला फुलेवाडा. तिथला हौद जोतीरावांनी 1868 साली अस्पृश्यांना खुला केला, महाडच्या 59 वर्षे आधी. तिथून भिडे वाड्याची जागा. मग शनिवारवाडा, तोही आम्ही सोडलेला नाही. फक्त तिथे आता मुक्ता साळवेचा निबंध मोठ्याने वाचतो. त्यानंतर पर्वती. 13 ऑक्टोबर 1929ला शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांच्या पुढाकाराने तिथे मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह झाला आणि सत्याग्रहींनी दगड खाल्ले. पर्वतीच्या पायऱ्या चढणाऱ्या किती पुणेकरांना हे माहीत आहे? दुपारी संग्रहालय, वेळ आधी फोनवर विचारून.

दुसरी फेरी नदीची. येरवडा तुरुंगाच्या बाहेर थांबून पुणे करार, मग पेरणे फाटा. गर्दी नसलेल्या दिवशी विजयस्तंभ बघा मित्रांनो, त्यावरची नावे वाचता येतात. शेवटी ‘नाक’ असलेली 22 नावे आमच्या पोरांनी बोट ठेवून मोजली. 1 जानेवारी 1927ला बाबासाहेब इथे आले होते. मग वढू बुद्रुक, आणि शेवटी तुळापूरची नाव. आजी दुसऱ्यांदा बसल्या. त्या दिवशी खांबही पाहिला आणि नावही झाली, त्यांचे म्हणणे खरे झाले. विशेष म्हणजे तो पहिला गाईड या फेरीला स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या खर्चाने आला होता. वहीत लिहून घेत होता.

तिसरी फेरी आमच्या घराजवळची. अष्टविनायक यात्रेच्या बसगाड्या आमच्या डोळ्यांसमोरून लेण्याद्रीला जातात. भाविक तीनशेच्या वर पायऱ्या चढून गिरिजात्मजाचे दर्शन घेतात. ज्या दालनात ते उभे असतात तो बौद्ध भिक्खूंचा विहार आहे, सभोवती भिक्खूंच्या खोल्या आहेत. शेजारीच चैत्यगृह आहे. ते कल्याणच्या सुलसदत्ताच्या दानातून झाल्याचा शिलालेख तिथे आहे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत, मानमोडीत, दानशूर व्यापाऱ्यांची, यवनांचीसुद्धा नावे कोरलेली आहेत. आपल्या दाराशी एवढे मोठे पुस्तक उघडे पडलेय आणि आपण मात्र त्याच्याजवळून फक्त भाजीची पिकअप घेऊन जातो. कुणाच्या श्रद्धेशी आम्हाला भांडायचे नाही. भाविकाने दर्शन घ्यावे. पण आपल्या पोराला तो विहार आहे हे माहीत असावे, आणि शक्य झाले तर शेजारच्या भाविकालाही शांतपणे सांगता यावे.

तुमच्या गावची यादी करा

प्रत्येक गावाच्या आसपास अशी चार-पाच ठिकाणे आहेत. आमच्या अनुभवावरून थोडे सांगतो. एका दिवसात पाचपेक्षा जास्त ठिकाणे नकोत. प्रत्येक ठिकाणी एकानेच बोलायचे, आणि ते आधी वाचून यायचे. साल आणि जागा तपासल्याशिवाय बोलायचे नाही, नाहीतर आमच्यासारखा आगाखान पॅलेसचा गोंधळ होतो. बायका आणि म्हातारी माणसे असल्याशिवाय गाडी हलवायची नाही. आणि गाडीत दुसऱ्या समाजाचे दोन मित्र तरी असू द्या. आपला इतिहास फक्त आपल्यालाच सांगत बसलो तर तोही एक प्रकारचा गावकुसाबाहेरचा इतिहास होईल.

सरकारी आणि खासगी पर्यटन यादीत ही ठिकाणे यावीत म्हणून निवेदने द्यायचीच आहेत. त्याचा एक मसुदा गुरुजी करत आहेत. पण यादीत नाव येईपर्यंत वाट बघायची गरज नाही.

आमची घोड नदीही पुढे जाऊन भीमेलाच मिळते. तुळापूरला नावेखालून गेलेले पाणी आणि आमच्या शिवाराजवळून गेलेले पाणी पुढे एकच होते. आजीने हात घालावा आणि पोरीने तो धरू नये, इतके स्वच्छ ते व्हावे, एवढे आम्हाला हवे आहे. ते होईपर्यंत फेऱ्या चालू राहतील. पुढची लेण्याद्री-मानमोडीची, पावसाळा संपल्यावर पहिल्या रविवारी. गाडीत चार जागा आहेत. डबा घरचा आणा.

जय भीम! जय संविधान!